रसापर्यंत

दादा, काल मी बाबांवर हात उचलला. हे पहिल्यांदा तुलाच सांगायचंय. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, अगं सुतक आहे, म्हातारा माणूस आहे, पोटचा मुलगा गेलाय त्यांचा. तू तसं म्हणणार नाहीस. तू विचारशील, लागलं का कुणाला.

लागलं, तपेल्याला. लुडविग्सहाफेनच्या तुझ्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, खिडकीखालच्या बाकावर आपलं बिअर गाळायचं तपेलं आहे ना, त्याला बाबांनी माझाच हातोडा घेऊन दोन घाव घातले. एक झाकणावर, एक पोटावर. स्टीलचं आहे म्हणून फुटलं नाही, तळहात मावेल एवढा पोचा आला. तिसरा घाव नळावर बसणार होता. म्हणून मी त्यांचं मनगट धरलं. त्यांनी झटकलं. मी पुन्हा धरलं आणि दुसऱ्या हाताने त्यांना भिंतीवर ढकललं. त्यांनी मोकळा हात वर केला, आणि मग मीही केला.

आपलं घरच असं. आपल्याकडे तोंडाआधी हात चालतो. शेजारच्यांच्या घरी भांडण झालं की आवाज यायचे, आपल्या घरी भांडी पडायची. तू माझी वेणी ओढून मला पायऱ्यांवरून खाली आणलंस, मी तुझ्या दंडाला चावले, ती खूण शेवटपर्यंत होती. त्या दिवशी तुझी ओळख पटवायला मला आत नेलं तेव्हा मी आधी तीच पाहिली. चेहऱ्याकडे बघायची हिंमत नव्हती. दात माझेच होते, म्हणजे तूच होतास.

आणि मग तू सोडून दिलंस, मारामारी करायचं. मला तो दिवस नीट आठवतो. आईच्या लोणच्याच्या बरणीत तू गूळ आणि काळ्या मनुका घालून झाकण घट्ट लावून वर फडकं आवळून बांधलं होतंस, बारावीच्या सुट्टीत, नुसतं काय होतं ते बघायला. काय व्हायचं ते झालं. बरणी ओट्यावरच फुटली, तिची एक काच दारातल्या दूधवाल्याच्या मापाला जाऊन लागली आणि सगळ्या स्वयंपाकघरात ताडीचा वास पसरला. बाबा साखर कारखान्यात, मिल हाउसमध्ये, म्हणजे ऊस पिळतात तिथे, शिफ्ट इंजिनियर. शेजारीच मळीची डिस्टिलरी. तिथली दारू पिऊन मिलमध्ये हात घातलेले लोक त्यांनी स्वतः बाहेर ओढले होते. त्यांनी पट्टा काढला. आई मध्ये पडली, तिलाही एक बसला. तू ओरडला नाहीस, हातही वर केला नाहीस. मार खाऊन झाल्यावर उठलास, काचा गोळा केल्यास, आणि त्यानंतर कधी कुणावर हात उचलला नाहीस. माझ्यावरसुद्धा नाही. मी मारायचे आणि तू हात खिशात घालून उभा राहायचास. याचा मला किती संताप यायचा, तुला कल्पना नाही. भांडायला कुणीतरी समोर लागतं रे.

म्हणून तू जर्मनीत केमिस्ट होऊन बिअर करायला घेतलीस तेव्हा मी हसले. म्हटलं, बरणीचं उट्टं काढतोयस. तू म्हणालास, "गेनाऊ. अगदी तेच."

मी जर्मनीतच गेर्लिंगेनला नोकरीला लागून नुकतीच वर्षभर रुळले होते. युरो नवा होता, बाजारातले म्हातारे अजून किंमत मार्कांतच सांगायचे. एका फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, कुठल्याशा बंद पडलेल्या कँटीनचं ते डबल भिंतीचं स्टीलचं भांडं पडलेलं होतं, सूप गरम ठेवायचं. तू त्याच्याभोवती असा फिरायला लागलास, जसे बाबा गावी नव्या बैलाभोवती फिरायचे. लॉयटरबोटिश, तू म्हणालास, रस गाळायच्या पिंपाचं मोठं भारदस्त नाव. मी म्हटलं, तपेलं आहे. तेच नाव राहिलं.

तुला त्याला भोक पाडायचं नव्हतं. वरून रबरी नळी सोडून रस ओढून घेऊ म्हणालास. मी म्हटलं, मी मेकॅनिकल इंजिनियर असताना माझा भाऊ नळी तोंडात धरून रस ओढणार? खाली नळच बसवणार. त्यावर आपण दोन शनिवार भांडलो. शेवटी मी तुला विचारलंच नाही, ड्रिल लावलं. बाहेरच्या भिंतीतून गेलं आणि आतल्या भिंतीत अडकलं. मशीन फिरायचं थांबेना, मग तेच फिरलं आणि माझं मनगट घेऊन फिरलं. मी आईच्या नावाने ओरडले. तू प्लग ओढलास, बर्फ आणलास, आणि माझ्या मनगटाला फडकं गुंडाळताना म्हणालास, "लांगसाम, नीले. स्टीलला घाई केली की ते उलट मारतं." मी मोकळ्या हाताने तुला एक लगावली. तू फडक्याची गाठ पक्की केलीस.

मग तसंच हळूहळू केलं. दोन्ही भिंतींतून आरपार एक नळीचा तुकडा, दोन्ही बाजूंनी नट, रबराचे वायसर, बाहेर पितळी नळ. मधल्या फोममध्ये रस झिरपला असता तर सगळं तपेलं कुजलं असतं, म्हणून पाणी भरून रात्रभर ठेवलं आणि सकाळी तू खाली कोरडा कागद फिरवलास. कोरडाच राहिला. तू तो कागद माझ्या कपाळाला लावलास, शाबासकी म्हणून. आत तळाला तांब्याच्या नळीची चौकट केली, हॅक्सॉने तिला बारीक चिरा पाडल्या, चिरा खाली तोंड करून. जोडांना डाख द्यायचा नाही, नुसते खोचायचे, म्हणजे धुवायला सुटे होतील, हे तुझं. चौकट भिंतीपासून लांब ठेवायची, हे माझं, कारण पाणी आळशी असतं, भिंतीशी मोकळी वाट मिळाली की तिथूनच पळतं आणि मधला माल कोरडाच राहतो. यावर मात्र आपलं एकमत झालं. मला ते इतकं चुकल्यासारखं वाटलं की मी दुसरं काहीतरी भांडण काढलं.

दुसऱ्या कुणाला समजवायचं तर एवढंच पुरे की, मोड आणून भरडलेलं सातू, म्हणजे जव, गरम पाण्यात तासभर भिजवलं की त्यात गोडी उतरते. मग खालचा नळ थोडा उघडायचा आणि वरून गरम पाणी झारीसारखं शिंपडत राहायचं, म्हणजे चोथ्याला चिकटलेली साखरही धुतली जाते. नारळाचं दुसरं दूध काढतात ना, तसंच. फक्त पिळायचं नाही. पिळायचं नाही हेच सगळ्यात कठीण, निदान आपल्या घराण्याला.

आणि पहिल्याच वेळी तू काय केलंस? सातू मिक्सरमध्ये दळलंस. पुण्याहून आणलेला, आईचा मिक्सर. चकलीच्या भाजणीसारखं मऊ पीठ. का, तर लॅबमध्ये बारीक दळतात, बारीक दळलं की उतारा जास्त. आईनेही कधी जाड दळण पदरात घेतलं नाही, म्हणून मीही बघून मान डोलावली. तपेल्यात त्याची खळ झाली. नळ उघडला तर थेंब नाही. मी म्हटलं, झारीत शुक्राचार्य बसलाय. तू हसलास आणि खरंच दर्भाची काडी शोधावी तशी सायकलची तार आणलीस, नळाच्या तोंडात घातलीस, वर मी रागाने वल्ह्याने पीठ ढवळत होते. दोघांनी एकाच वेळी जोर लावला. गोड, चिकट, पोळणारा रस फवाऱ्यासारखा तुझ्या हातावर, मानेवर आला. डोळा थोडक्यात वाचला. पुराणातल्या शुक्राचार्याचा गेला होता.

मी तुला थंड पाण्याखाली धरलं आणि त्याच वेळी तुझ्या पाठीत गुद्दे घालत होते. घाबरले होते रे. माझ्याकडे घाबरण्यासाठी वेगळी रीत नाही. तू दात खाऊन म्हणालास, "नीले, मार, पण नळ बंद कर आधी, वाया जातोय." त्यानंतर भरडायची छोटी गिरणी आणली. आईचा मिक्सर पुन्हा चटणीला लागला.

त्यानंतर वर्षं गेली आणि बिअर चांगली व्हायला लागली. तू प्यायचास किती? अर्धा ग्लास, तोही उजेडात धरून बघण्यात अर्धा वेळ. तुला पिण्यात रस नव्हताच. तुला झारी धरायला आवडायचं. पाणी इतकं हळू सोडायचास की चोथ्याचा थर हलायचासुद्धा नाही. मी शेजारी स्टुलावर बसून तुझ्या बॉसला, माझ्या बॉसला, आणि मला मुलगे दाखवणाऱ्या मावशीला शिव्या द्यायचे. तू ऐकायचास. माझ्या आयुष्यातली सगळ्यात शांत जागा ती होती, वर चार मजले आणि खाली दमट केलर.

एका गोष्टीवर मात्र मिटलं नाही. नळ कधी बंद करायचा. तू नेहमी लवकर बंद करायचास. मी चव बघायचे, खालून अजून गोड येत असायचं, आणि तू नळ फिरवून मोकळा. मी म्हणायचे, चोथ्यात साखर सोडून देतोस, कारखान्याचं मीठ खाल्लेल्या घरातला मुलगा तू. गेल्या महिन्यात तर मी तुझा हात बाजूला करून नळ पुन्हा उघडला. तू पहिल्यांदाच आवाज चढवलास. "सगळं काढायला गेलं की साल बोलायला लागते, नीले, तुरट चव उतरते. थोडं गोड आत राहू द्यावं." मी म्हटलं, अर्धवट सोडायची सवयच आहे तुला, पीएचडीसुद्धा तशीच लांबवलीस, लग्नही तसंच. आणि दार आपटून स्टेशनवर गेले. पुढच्या शनिवारी येऊन तुला नीट सुनावणार होते. मुद्दे काढून ठेवले होते. मंगळवारी सकाळी तू सायकलवरून सरळ चालला होतास आणि ट्रक उजवीकडे वळला.

आता माझ्या मुद्द्यांचं मी काय करू? एवढा राग आलाय तुझा. सांगून तरी जायचं होतंस की तुझंच बरोबर. किंवा माझं. काहीतरी एक.

बाबा घाईच्या व्हिसावर आले. फ्रँकफर्टला मला बघून रडले नाहीत, म्हणाले, कुठे आहे तो ट्रकवाला. त्यांना कुणाला तरी मारायचं होतं. मलाही. पण इथे ट्रकवाल्यापुढे कुणी उभं करत नाही, सगळं पोलीस बघतात. अग्नी दिला म्हणावं तर बटण दुसऱ्याच कुणीतरी दाबलं. अस्थी हातात मिळायला अजून कागद व्हायचेत. बाबांचे हात असे मोकळे मी कधी पाहिले नव्हते. घरभर फिरायचे, कपाटं उघडायचे, मिटायचे. काल माझ्या मागोमाग केलरमध्ये उतरले आणि त्यांना तपेलं दिसलं, रिकाम्या बाटल्या दिसल्या, नाकाला वास आला. विचारलं नाही काही. त्यांना जे वाटायचं ते वाटलं. "पिऊन चालवत होता," एवढं म्हणाले आणि हातोडा उचलला.

तर तिथे आम्ही उभे, हात वर करून, मी आणि बाबा. एवढ्यात दारात तुझ्या वरच्या मजल्यावरच्या आजीबाई. रविवारी दुपारी जर्मनीत हातोडा मारायचा नसतो हे बाबांना कोण सांगणार. त्या तक्रार करायलाच आल्या होत्या. आम्हाला बघून त्या उंबऱ्यावरच थांबल्या. मग हळूच म्हणाल्या की, हेर डॉक्टर, म्हणजे तू, रविवारी केलरचं दारसुद्धा हाताने धरून मिटायचे, आवाज नको म्हणून. आणि डोळे पुसत वर गेल्या.

बाबांनी विचारलं, काय म्हणाली. मी सांगितलं. माझा हात अजून वरच होता. तो कसा खाली घ्यायचा ते मला येत नव्हतं, आपल्याकडे वर गेलेला हात काम करूनच खाली येतो. मग मी तसाच हात ठेवून म्हटलं, "बाबा, तो प्यायलेला नव्हता. पोलिसांनी पहिल्याच दिवशी तपासलं. थेंब नव्हता. तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही, कारण सांगावं लागेल असं वाटलं नाही."

बाबांनी वर केलेला हात खाली घेतला. हातोडा त्यांनी बाकावर ठेवला, आपटला नाही. मीही हात खाली घेतला. खिशात घातला, तुझ्यासारखा. मला तो तिथे फार अवघडला.

"मग हे कशाला केलं होतंन त्याने?" त्यांनी विचारलं.

मी तपेल्याचं झाकण काढलं आणि आतली चौकट दाखवली. बाबा वाकले. तांब्याच्या नळीवरून बोट फिरवलं, चिरा खालच्या बाजूला का, ते विचारलं. भिंतीपासून लांब का, ते विचारलंच नाही, ते त्यांना कळलं. मी वरून पाणी शिंपडायची झारी दाखवली, चोथ्यातली राहिलेली साखर धुवायची, म्हटलं. बाबांनी चौकटीचा एक जोड सोडवला, परत खोचला. मग म्हणाले, "हे तर आमच्याकडचं आहे." आणि मला तेव्हा कुठे उजाडलं, दादा. मिल हाउसमध्ये शेवटच्या मिलच्या आधी चिपाडावर गरम पाणी सोडतात, उरलेली साखर काढायला. लहानपणी आपल्याला ते दाखवायला नेलं होतं त्यांनी, एका हातात तू, एका हातात मी, वाफेत काही दिसत नव्हतं. तुला आठवत होतं का ते? तू कधी बोलला नाहीस. की हेच करत होतास इथे इतकी वर्षं, त्यांच्याशी न बोलता? हेही विचारायचं राहिलं.

आज सकाळी बाबाच म्हणाले, दाखव चालवून. तू मागवलेलं सातूचं अर्धं पोतं कोपऱ्यात होतंच. पुढच्या शनिवारसाठी आणलं होतंस, मी भांडायला येणार होते त्या. मी भरडलं, भिजवलं. पोच्यामुळे झाकण नीट बसेना, म्हणून वर तुझी रजई दाबली. नळ गळला नाही. पहिला गढूळ रस काढून परत वर ओतला, नितळ यायला लागला तेव्हा बाबांनी माझ्या हातातली झारी घेतली. मला वाटलं, आता ओततील. पट्टा धरायचे तोच हात. पण पाणी असं हळू सोडलं की थर हलला नाही. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले आणि मला तुझा हात दिसला. इतका संताप आला मला. हे यांना येत होतं तर इतकी वर्षं आपल्याला का नाही दाखवलं? मी तसं म्हणालेही, अगदी तोंडावर. त्यांनी मान वर केली नाही, पाणी सोडत राहिले. त्यांच्या नाकावरून टपकणारा थेंब झारीत पडत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता.

शेवटी रस फिका पडायला लागला. मी पळीत घेऊन चाखला आणि नळाला हात घातला. बाबांनी लगेच माझा हात धरला, करकचून, हाडापर्यंत. "अजून गोड आहे," म्हणाले. त्यांच्या कारखान्यात चिपाडात साखर गेली की वरून फोन यायचा. मी त्यांचीच मुलगी, गेल्या महिन्यापर्यंत हेच म्हणत होते. बोटं पांढरी झाली माझी. दुसरा हात मोकळा होता. तो मी खिशातच ठेवला.

"असू दे, बाबा," मी म्हटलं. "थोडं आत राहू द्यायचं. तो राहू द्यायचा."

त्यांनी हात सोडला. मी नळ बंद केला.

रस मोठ्या पातेल्यात होता, सोनेरी, नवीन काकवीच्या वासाचा. बाबांनी पळीभर प्यायला. मग दुसरी पळी घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली, अगदी तुझ्यासारखी. मी म्हटलं, आता हे उकळायचं, मग थंड करून यीस्ट घालायचं. ते जिन्याशी गेले होते, माझ्याकडे पाठ करून, कठडा धरून.

"रसापर्यंत मी," बाबा म्हणाले. "पुढचं मला सांगू नका तुम्ही दोघं."